फायबरच्या जुन्या बोटीचा जेलकोट कसा उजळवावा: ठाणे खाडीकाठच्या बोटमालकांसाठी

फायबरच्या बोटीचा बाहेरचा गुळगुळीत थर म्हणजे जेलकोट. बोट साच्यात घडवताना सगळ्यांत आधी मारलेला, रंगद्रव्य मिसळलेला हा पॉलिएस्टर रेझिनचा थर नवा असताना जेमतेम ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाड असतो. पुढची दहा-पंधरा वर्षं ऊन, खारं पाणी आणि धक्क्याचं घासणं तोच सोसतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं रेझिन झिजतं, रंगद्रव्य मोकळं पडतं आणि बोटीवर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. ही भुकटी काढून खालचा चांगला थर वर आणता येतो, पण प्रत्येक वेळी मूळ जाडीतला थोडा भाग कायमचा जातो. म्हणून या कामात पहिला नियम असा: ज्या सर्वांत सौम्य उपायाने काम होतं, तिथेच थांबायचं. कॉम्पाउंडने (घासून चकाकी आणणाऱ्या पेस्टने) भागत असेल तर सँडपेपर लावू नका, ८०० नंबरच्या पेपरने भागत असेल तर ४०० हातात घेऊ नका; नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत.

बोट वर कधी काढायची

ठाणे खाडीत, मग ती बोट दिवाळ्याची असो, सारसोळ्याची, वाशीगावची किंवा चेंदणीची, वेळापत्रक भरती-ओहोटीच ठरवते. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची सर्वांत मोठी भरती येते. तिच्यावर बोट शक्य तितकी वर घ्यावी. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती तिथपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे पुढच्या उधाणापर्यंत दहा-बारा दिवस कोरडे मिळतात. इथे लिहिलेलं बहुतेक काम तेवढ्यात बसतं.

एक धोका आधीच लक्षात घ्या. लागोपाठची दोन उधाणं सारख्या उंचीची नसतात. मोठ्या उधाणाला बोट अगदी टोकाला नेऊन ठेवली आणि पुढचं उधाण फूटभर कमी आलं, तर बोट महिनाभर तिथेच अडकते. भरतीच्या तक्त्यात दोन्ही उधाणांची उंची पाहा आणि लहान उधाणाला तरंगेल अशा पातळीवरच बोट टेकवा. चिखलात थेट ठेवू नका. जाड लाकडी ओंडक्यांवर टेकवून दोन्ही बाजूंनी आधार द्या, म्हणजे तळाच्या कडाही हाताला लागतील.

ऋतूचंही तेवढंच महत्त्व आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात यांत्रिक बोटी किनाऱ्यावर असतात आणि वेळही मोकळा असतो. पण नेमकी तेव्हा हवा ओली असते. त्या दोन महिन्यांत बोट धुणं, तपासणं, डाग काढणं, शेडखाली ओला पेपर मारणं हे सगळं चालतं. जेलकोट भरणं, रेझिन लावणं किंवा रंग देणं मात्र तेव्हा करू नका. हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर गेला की थर नीट सुकत नाही आणि आत अडकलेला ओलावा पुढे फोड काढतो. रसायनांच्या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. त्या दिवसांत पहाटे बोटीवर दव असतं, म्हणून सकाळी दहाच्या आधी सुरुवात नको. एप्रिल-मेमध्ये उलट. दुपारी उन्हातल्या बाजूला हात ठेववत नाही आणि कॉम्पाउंड लावता लावता वाळून जातं. तेव्हा सकाळी सात ते दहा काम करा, नंतर ताडपत्रीच्या सावलीत जे जमेल ते.

आधी तपासणी

बोट गोड्या पाण्याने आणि साध्या डिटर्जंटने धुवा, सुकू द्या आणि मग पुढच्या चाचण्या करा. सगळ्या मिळून अर्धा तास लागतो आणि त्यावरच खर्चाचा सगळा हिशोब ठरतो.

काळं फडकं घेऊन एका जागी जोरात घासा. फडक्यावर पांढरं आलं तर वरचा थर झिजला आहे. आता तीच जागा ओली करा. पाणी असेपर्यंत मूळ गडद रंग परत दिसला, तर खाली पुरेसा जेलकोट आहे आणि बोट कॉम्पाउंडने किंवा बारीक पेपरने उजळेल. ओली करूनही रंग फिका, डागाळलेला दिसत असेल, किंवा काचेच्या धाग्यांची नक्षी वर आली असेल, तर तिथला जेलकोट संपला आहे. पॉलिशने ती जागा सुधारणार नाही, उलट उरलेलाही थर जाईल.

भेगांकडे पाहताना त्यांचा आकार पाहा. एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या बारीक भेगा धक्का लागल्याच्या असतात. एकमेकींना समांतर, क्लीटच्या (दोरी बांधायच्या खुंटीच्या) किंवा बाकाच्या टोकाशी असलेल्या भेगा म्हणजे तो भाग वाकतोय. आतून आधार दिल्याशिवाय त्या भेगा भरण्यात अर्थ नाही, हंगामाभरात पुन्हा फुटतील.

पाण्याखालच्या भागात फोड दिसले तर एखादा टोचून पाहा, पण डोळ्यांवर सुरक्षा चष्मा लावूनच. आतल्या द्रवावर दाब असतो. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर पाणी रेझिनच्या आतपर्यंत पोहोचलं आहे. त्याचा उपाय वेगळा आहे, खाली दिला आहे. शेवटी पेचकसाच्या प्लास्टिकच्या मुठीने सगळीकडे हलकं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. आवाज बद्द झाला तर आतले थर सुटले आहेत, आणि ते काम वरच्या चकाकीच्या आधी करायचं.

किती सामान लागेल

पाण्याच्या वरच्या भागाचं क्षेत्रफळ काढायचा सोपा हिशोब: लांबी आणि रुंदी मिळवा, दोनने गुणा, मग पाण्यावरच्या सरासरी उंचीने गुणा. २२ फूट लांब, ६ फूट रुंद आणि पाण्यावर अडीच फूट उंच बोटीसाठी हे १४० चौरस फूट, म्हणजे सुमारे १३ चौरस मीटर होतं. एवढ्याला साधारण असं सामान लागतं:

- काळा वॉटर पेपर: ६००, ८००, १००० आणि १२०० नंबरचे प्रत्येकी ८ ते १०
- कटिंग कॉम्पाउंड १ लिटर, फाइन पॉलिश अर्धा लिटर
- वॅक्स २५० ते ३०० ग्रॅम
- अ‍ॅसिटोन २ ते ३ लिटर, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड पावडर २५० ग्रॅम
- लोकरी बफिंग पॅड किमान दोन, रबरी सँडिंग ब्लॉक दोन
- मास्किंग टेप चार रोल आणि भरपूर पांढरी सुती फडकी

फडकी रंगीत नकोत. अ‍ॅसिटोनने त्यांचा रंग सुटतो आणि बोटीवर बसतो. कॉम्पाउंड घेताना डबा पाहून घ्या. गाड्यांच्या काही रबिंग कॉम्पाउंडमध्ये सिलिकॉन असतं. ते भेगांत शिरलं की तिथे पुढे जेलकोट किंवा रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

डाग आणि मेण

खाडीच्या पाण्याचा पिवळा-तपकिरी पट्टा आणि बोल्टांखालचे गंजाचे ओघळ घासून जात नाहीत. एक लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवा, ब्रशने लावा, दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा लागतोच, कारण ही पावडर विषारी आहे. ब्लीचबरोबर ती कधीही मिसळू नका. जस्ताचा मुलामा दिलेल्या नटबोल्टांवर द्रावण साचू देऊ नका.

मग मेण काढणं. ही पायरी गाळली जाते आणि नंतर निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. जुनं वॅक्स तसंच ठेवून पेपर मारला, तर ते ओरखड्यांच्या आत दाबलं जातं. पुढे भरलेला जेलकोट मग पापुद्र्यासारखा सुटतो. दोन फडकी घ्या. एक अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून एकाच दिशेने पुसा, आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्या. एकाच फडक्याने गोल गोल फिरवलं तर मेण जागच्या जागी पसरतं. फडकी लवकर बदला. नंतर पाणी शिंपडा. थेंब न होता पाणी सपाट पसरलं तर मेण गेलं आहे.

खरचटे आणि भेगा भरणं

केसासारख्या भेगेवर नुसता जेलकोट फासला तर तो वरवरच राहतो. त्रिकोणी स्क्रॅपरच्या टोकाने किंवा छोट्या रोटरी टूलने भेग व्हीच्या आकारात उघडा, टोकापर्यंत. कडा १२० नंबरने खरवडा, धूळ झटका, अ‍ॅसिटोनने पुसा आणि पूर्ण सुकू द्या.

जेलकोटमध्ये हार्डनर म्हणजे एमईकेपी. त्याचं प्रमाण वजनाने १ ते २ टक्के. हिवाळ्यात १.५ ते २, मे महिन्यात १.२ च्या आसपास. उन्हाळ्यात लवकर गोठतं म्हणून लोक १ टक्क्याच्याही खाली जातात. तसं केलं की थर वरून कडक वाटला तरी आतून कधीच पुरता पक्का होत नाही, आणि वर्षभरात पुन्हा भुकटी सुटते. वेळ कमी पडत असेल तर एका वेळी कमी माल कालवा. ५० ग्रॅम जेलकोट छोट्या काट्यावर मोजा आणि हार्डनर सिरिंजने घ्या. १.५ टक्क्याने ०.७५ ग्रॅम लागेल, म्हणजे पाऊण मिलिलिटरपेक्षा किंचित कमी. अंदाजाने थेंब मोजू नका, प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळा असतो. मिनिटभर सावकाश, कडा आणि तळ खरवडत कालवा. साधारण दहा-पंधरा मिनिटं हाताशी असतात.

इथे दोन इशारे आहेत, दोन्ही जिवावरचे. पहिला: कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर (रेझिन लवकर गोठवणारं रसायन) आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. बहुतेक जेलकोटमध्ये कोबाल्ट आधीच असतं, लेबल वाचा. वेगळं घालायचंच असेल तर आधी ते रेझिनमध्ये पूर्ण कालवा, हार्डनर नंतर. दुसरा: एमईकेपीचा एक थेंबही डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा न लावता बाटली उघडू नका आणि धुवायला पाण्याची भरलेली बादली शेजारी ठेवा. गेलंच तर पंधरा मिनिटं सतत पाण्याने धुवून थेट डॉक्टरकडे जा.

भरताना पृष्ठभागापेक्षा किंचित वर ठेवा, कारण सुकताना तो आकसतो. साधा जेलकोट हवेशी संपर्क असेल तर वरून चिकट राहतो. छोट्या जागेवर जाड पारदर्शक पॉलिएस्टर शीट टेपने घट्ट बसवली की हवा तुटते आणि वरचा भागही सपाट येतो. मोठ्या जागेसाठी पॅराफिनचं द्रावण मिळतं, ते शेवटच्या हातातच घालायचं. उरलेला माल डब्यात गोळा करून ठेवू नका. तो तापतो, धूर सोडतो. पत्र्यावर पातळ पसरून कडक होऊ द्या.

रंग जुळवणं हे सर्वांत किचकट. पांढऱ्याच्या वीस छटा असतात, आणि तुमची बोट पिवळसर झालेली आहे. आधी शेजारचा वीतभर भाग पॉलिश करा, मग त्या रंगाशी जुळवा. पिगमेंट पेस्ट एकूण वजनाच्या १० टक्क्यांपुढे नको. टेपवर एक ठिपका कडक होऊ द्या आणि उन्हात धरून पाहा, कारण ओल्या मालाचा रंग आणि सुकल्यानंतरचा रंग वेगळा दिसतो.

भोक खोल असेल, काचेच्या धाग्यांपर्यंत गेलं असेल, तर आधी मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर. कडा जाडीच्या बारा पट उताराने घासा. ३ मिलिमीटर जाडी असेल तर चहूबाजूंनी ३६ मिलिमीटर. ३०० किंवा ४५० ग्रॅमची मॅट वापरा, मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. प्रत्येक थरातली हवा लोखंडी रोलरने काढा. जेलकोट त्यानंतर.

पेपर मारणं

बोटीची एक फूट बाय एक फूट जागा निवडा, शक्यतो मागच्या बाजूला, कुणाचं लक्ष जाणार नाही अशी. तिथे आधी फक्त कॉम्पाउंड मारून पाहा. चकाकी आली तर पेपरची गरजच नाही. नाही आली तर १००० नंबर, तरीही नाही तर ८००, मग ६००. ज्या नंबरने भुकटी पूर्ण जाऊन एकसारखा रंग वर आला, तिथून सगळ्या बोटीचं काम सुरू करायचं.

पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात डिटर्जंटचे दोन थेंब टाका. पेपर रबरी ब्लॉकवर गुंडाळूनच वापरा, कारण नुसत्या बोटांनी घासलं तर उन्हात लाटा दिसतात. कडांवर आणि नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) धारेवर जेलकोट सर्वांत पातळ असतो. तिथे टेप लावून ठेवा आणि सगळ्यांत शेवटी हाताने, हलकंच करा. प्रत्येक नंबरला दिशा बदला: ६०० आडवा, ८०० तिरका, १००० उभा. सुरू करण्याआधी पेन्सिलने फिक्या रेघा मारा. रेघ गेली की त्या नंबरचं काम झालं. नंबर बदलताना बोट आणि बादली दोन्ही धुवा. ६०० चा एक कण १००० च्या कामात आला तर लांब ओरखडा पडतो आणि पुन्हा मागे जावं लागतं. घासताना पाण्यात बोटीचा रंग उतरतो ते ठीक. पण मधेच खालून वेगळी छटा किंवा धागे दिसले तर त्या क्षणी थांबा.

घासलेलं पांढरं पाणी खाडीत जाऊ देऊ नका. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये संरक्षित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आला. कायद्याचं सोडा, ही भुकटी जाते त्याच चिखलात खेकडे आणि शिंपले वाढतात. बोटीखाली ताडपत्री अंथरा, गाळ जमू द्या, सुकवून गोळा करा.

कॉम्पाउंड आणि वॅक्स

रोटरी मशीन मिनिटाला १२०० ते १८०० फेऱ्यांवर ठेवा, जास्त नको. दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन घ्या. १४० चौरस फुटांचे असे पस्तीस चौकोन होतात, आणि एकेकाला सहा-आठ मिनिटं धरली तर साडेतीन ते पावणेपाच तास. शेवटचे चौकोन घाईत उरकले जातात, म्हणून काम दोन दिवसांत वाटून घ्या.

कॉम्पाउंडचे चार-पाच ठिपके बोटीवर द्या, पॅडवर नाही. मशीन बंद ठेवून आधी पसरवा, मग सुरू करा. पॅड जवळजवळ सपाट ठेवा आणि एका जागी क्षणभरही थांबू नका. जेलकोट तापला की पिवळट जळका डाग पडतो आणि तो डाग पॉलिशने जात नाही. कॉम्पाउंड सुकू लागलं की बोटाने पाण्याचा फवारा द्या. लोकर भरली की ब्रशने मोकळी करा, भरलेला पॅड कापत नाही, नुसता तापवतो. वायर खांद्यावरून मागे टाका आणि जोडणी ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डवरच घ्या. खाली ओली ताडपत्री आणि हातात वीज, इथे हयगय नको.

चौकोन झाला की अ‍ॅसिटोनचा हलका हात मारून पाहा. कॉम्पाउंडमधलं तेल ओरखडे झाकतं, ते पुसल्यावर खरं दिसतं. ओरखडे दिसले तर पुन्हा. मग फोमच्या पॅडवर फाइन पॉलिश, आणि शेवटी वॅक्सचे दोन पातळ हात, मधे काही तास सोडून. पाण्याखालच्या भागाला आणि पुढे रंग द्यायच्या भागाला वॅक्स लावू नका.

जेलकोट संपलाच असेल तर

पूर्ण नवा जेलकोट मारायचा तर ०.५ मिलिमीटरला चौरस मीटरमागे सुमारे ६०० ग्रॅम माल लागतो. आपल्या १३ मीटरला जवळपास ८ किलो, वाया जाणारा धरून ९ ते १०. दोन हातांत मारा. पहिला हात बोटाला चिकटतो पण रंग लागत नाही, अशा वेळी दुसरा. पॅराफिन फक्त दुसऱ्यात. पहिल्यातच घातलं तर दुसरा थर धरणार नाही. पण रोलरने मारलेला जेलकोट खडबडीत येतो, आणि २२० पासून १५०० पर्यंत सगळी सँडिंग करावी लागते. म्हणून बोट फार झिजली असेल तर आम्ही इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग सुचवतो. मेहनत निम्मी होते. मात्र जी बोट रोज धक्क्याला घासते तिचा उरलेला जेलकोट जपून जागोजाग भरणं परवडतं, कारण रंगाचा थर फार पातळ असतो आणि लवकर ओरखडतो. पॉलियुरेथेन रोलर-ब्रशनेच मारा. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फवारणीतून फुप्फुसात जातं आणि साधा धुळीचा मास्क ते अडवत नाही. जेलकोट-रेझिनमधलं स्टायरीन आणि अ‍ॅसिटोन यांच्या वाफेलाही कार्बन कार्ट्रिजचाच मास्क लागतो.

फोड आलेल्या तळासाठी: प्रत्येक फोड उघडा, काही दिवस रोज गोड्या पाण्याने धुवा आणि सुकवा. सुकलं का ते पाहायला फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून दिवसभर ठेवा. आतून दव जमलं तर अजून ओल आहे. याला आठवडे लागतात, पंधरवड्याच्या उधाणात हे बसत नाही, म्हणून अशी बोट पावसाळा संपल्यावर क्रेनने उचलून कायम कोरड्या जागेवर न्यावी. खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरा. इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट नीट धरत नाही, त्यामुळे त्यावर इपॉक्सीचाच अडथळा-थर आणि मग तळाचा रंग.

बोट पाण्यात सोडण्याआधी रेझिनच्या कामाला किमान तीन-चार दिवस, रंगाला डब्यावर लिहिलेले तेवढे दिवस सुकायला द्या. धक्क्याच्या बाजूला फेंडर (घासणं झेलणारी गादी) बांधून ठेवा आणि जिथे दोरी घासते तिथे जाड रबराची पट्टी लावा. पुढचं वॅक्स चार-सहा महिन्यांनी, बोटीवर टाकलेल्या पाण्याचे थेंब होईनासे झाले की.